वाचकांचे प्रश्न : हाती थोडे पैसे, धंदा मात्र करायचाच आहे

गेल्या दोन महिन्यांत धंदा सुरू करण्याविषयी इतकी पत्रे आली की, या वेळी सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि नावे वगळली आहेत. उत्तरे देण्याचा माझा अधिकार एवढाच की, एका सहकारी पतसंस्थेच्या कर्जविभागात मी बरीच वर्षे काम केले. पाच-दहा हजारांचे कर्ज घेऊन पायावर उभी राहिलेली माणसे मी तिथे पाहिली आणि ज्यांना ते जमले नाही तीही पाहिली. जमले नाही त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती सुरुवातीला पुरेसे पैसे होते, पण ते अडकून पडले : कुणाचे यंत्रात, कुणाचे अनामत रकमेत, तर कुणाचे शेजारपाजारच्या उधारीत. थोड्या पैशांचा धंदा चालतो तो पैसे लवकर फिरून परत हाती आले तरच, आणि पुढच्या प्रत्येक पत्राकडे मी याच नजरेने पाहिले आहे.

प्रश्न : मी बार्शी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. भिशीचे ८,००० रुपये हाती आले आहेत. माझ्या हातची कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुण्या-मुंबईचे पाहुणे आवर्जून बांधून नेतात, म्हणून हाच धंदा करावा असे मनात आहे. दीर म्हणतात की, आधी भाकरीचे आणि पॅकिंगचे यंत्र घ्यावे, त्यासाठी दीड लाखाचे कर्ज काढून देतो. यजमानांना कर्ज नको आहे. मी काय करावे?

उत्तर : ताई, या बाबतीत यजमानांचे ऐकावे. यंत्र निदान पहिले वर्षभर घेऊ नये. दिरांची कळकळ खरी असेल, परंतु यंत्राने भाकऱ्या वाढतात, गिऱ्हाईक वाढत नाही. आणि गिऱ्हाईक आले नाही तरी हप्ता पुढच्या महिन्याच्या ठरल्या तारखेला येतोच. आज तुम्हाला दिवसाला शंभर भाकऱ्यांची मागणी आहे आणि हाताने साठच होतात, अशी अडचण असती तर यंत्राचा विचार रास्त ठरला असता. पाहुणे बांधून नेतात ही जमेची बाजू आहे, पण ते पैसे देऊन नेतात की आग्रहाखातर नेतात, हे पत्रात नाही. तेव्हा पहिले काम हे करा की, पुढच्या वेळी कुणी मागितले तर पाकिटावर किंमत लिहून द्या आणि पैसे मागताना संकोच करू नका. पैसे देऊन जो दुसऱ्यांदा मागवील, तो तुमचा पहिला खरा गिऱ्हाईक समजावा.

दोन्ही पदार्थ एकदम सुरू करण्याऐवजी चटणीपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. कडक भाकरी हे नाजूक काम आहे. ती प्रवासात तुटते, तुटलेली कुणी घेत नाही, आणि पावसाळ्यात हवेतला ओलावा धरून ती एका रात्रीत मऊ पडते. चटणी मात्र पिशवीत नीट बंद केली तर टिकते, तुटण्याचा प्रश्न नसतो आणि थोड्या जागेत अधिक किमतीचा माल मावतो. शिवाय तुमच्याकडची चटणी उखळात कांडलेली असेल, तर तिला तेल सुटून तिचा मुठीत गोळा धरतो. मिक्सरमधल्या चटणीचा कोरडा भुगा होतो. हा फरक जाणणारे सोलापूरकर पुण्यात, मुंबईत आणि आखातातही आहेत आणि ते त्यासाठी चार पैसे अधिक द्यायला तयार असतात. चटणीचा जम बसला की त्याच गिऱ्हाइकांना थंडीत भाकरी द्यावी. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तेव्हा ज्वारी खरोखर तिथली असेल तर पाकिटावर तसे लिहिता येईल. नसेल तर मात्र लिहू नये.

आता हिशेबाकडे वळू, कारण घरगुती धंदा बहुधा इथेच फसतो. मी काही भाव धरते, तुम्ही त्या जागी तुमच्या बाजारचे भाव घालावेत. ५ किलो शेंगदाणे १३० रुपयांनी ६५० रुपयांचे झाले. ३०० ग्रॅम तिखट ९० रुपये, पाव किलो लसूण ४० रुपये, मीठ आणि जिरे मिळून २५ रुपये. एकूण ८०५. भाजल्यावर आणि साले पाखडल्यावर दाण्यांचे वजन घटते, ते तिखट, मीठ, लसणाने भरून निघते आणि उखळाला, हाताला चिकटलेले सोडून साधारण ५ किलो चटणी हाती येते, म्हणजे पाव किलोची वीस पाकिटे. सरपणाचे ६० रुपये, पिशव्या आणि लेबलांचे ८०, तालुक्याला नेण्याचे ४० रुपये धरले की खर्च ९८५ रुपये होतो आणि एक पाकीट सव्वाएकोणपन्नास रुपयांना पडते. बाजारात तसे पाकीट ८० रुपयांना जाते असे समजू. दुकानदार त्यातले वीस टक्के, म्हणजे १६ रुपये ठेवून तुम्हाला ६४ देतो, आणि एका पाकिटामागे जवळजवळ पंधरा रुपये सुटले म्हणून घरात आनंद होतो.

या हिशेबात तुम्हीच नाही आहात. भाजणे, निवडणे, कांडणे, भरणे यांत तुमचे सहा तास जातात. तासाला ५० रुपये धरले तरी ३०० रुपये झाले. ते मिळवले की खर्च १,२८५ होतो, पाकीट ६४ रुपये २५ पैशांना पडते आणि तुम्ही ते ६४ रुपयांना देत असता. म्हणजे जो नफा वाटत होता ती तुमची मजुरी होती, आणि उद्या मागणी वाढून एखादी बाई मदतीला ठेवावी लागली, तर तिचा पगार तुमच्या पदरचा जाणार. अशी वेळ आलेल्या कितीतरी भगिनी मी पाहिल्या आहेत. त्यांची विक्री चांगली असे, वर्षाअखेर पैसे मात्र उरत नसत आणि ते का उरत नाहीत हे त्यांना उमगत नसे. म्हणून पहिल्या दिवसापासून आपली मजुरी खर्चात धरा. किंमत ९० ठेवली तर दुकानातून ७२ रुपये येतील आणि मजुरी जाऊन पाकिटाला पावणेआठ रुपये राहतील. थेट गिऱ्हाइकाला विकले तर तेच पंचवीसच्या पुढे जातील. पहिले सहा महिने दुकानात ठेवण्याची घाई न करता पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनाच त्यांच्या सोसायटीतल्या चार घरांची मागणी एकत्र करायला सांगा आणि पैसे आधी मागवा.

८,००० रुपयांतले पहिल्या फेरीला साडेतीन हजारांहून अधिक घालू नका. वरच्या हिशेबातल्या पाच-पाच किलोंच्या दोन घाण्यांचे सामान १,६०० रुपयांचे होईल आणि उरलेल्यात पिशव्या, लेबले आणि हाताने दाबून पिशवी बंद करण्याचे लहान यंत्र बसेल. वजनकाटा विकत घेण्याऐवजी गावातल्या किराणा दुकानदाराचा, वैधमापन विभागाचा शिक्का असलेला काटा सुरुवातीला वापरू द्यावा अशी विनंती करा. उरलेले साडेचार हजार घरातल्या डब्यात न ठेवता स्वतंत्र बचत खात्यात ठेवा, कारण डब्यातले पैसे मुलाच्या फीला किंवा पाहुण्यांच्या पाहुणचाराला कधी जातात ते कळतही नाही. पहिल्या दोन घाण्यांचे पैसे पूर्ण वसूल झाले की मगच तिसरा घाणा करावा.

खाण्याचा पदार्थ विकायचा तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवी. तुमच्यासारख्या छोट्या उत्पादकाला मोठ्या परवान्याची गरज नसते, साधी नोंदणी पुरते आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये आहे. तो चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. त्याबरोबर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत खावे ती मुदत, शाकाहाराची हिरवी खूण, तुमचा पत्ता आणि तक्रारीसाठी दूरध्वनी हवा. चटणी शेंगदाण्याची आहे हे नावावरून कळत असले, तरी त्यात शेंगदाणे असल्याची सूचना वेगळी लिहावी, कारण काहींना त्यांची गंभीर ॲलर्जी असते. दाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे कठोरपणे बाजूला काढा. असा एखादा दाणा सगळ्या घाण्याला कडवटपणा आणतो, आणि त्या बुरशीचे विष भाजल्यानेही पुरते जात नाही. यात जे वजन घटेल ते खर्चात धरावे, पण खराब दाणा पाकिटात जाऊ देऊ नये.

लिज्जत पापडाची गोष्ट तुम्हाला कुणी ना कुणी सांगेलच. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन काम सुरू केले आणि पुढे त्याची केवढी मोठी संस्था झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. मला त्या गोष्टीतला पहिला दिवस फार मोलाचा वाटतो. त्या दिवशी पापडांची चारच पाकिटे झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. माल कुठे जाणार हे आधी ठाऊक होते आणि केला तो तेवढाच.

पुढे एकटीने काम आवरेनासे झाले तर उमेद या सरकारी ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या बचत गटात जरूर जा, कारण गटाला कर्ज स्वस्त मिळते आणि मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात जागाही मिळू शकते. जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते आणि तिथले शिक्षण मोफत असते. पॅकिंग आणि हिशेब शिकायला तिथे काही दिवस घालवले तर ते वाया जाणार नाहीत.

प्रश्न : मी सांगलीचा, वय २४, पदवी होऊन दोन वर्षे झाली. नोकरी नाही. साठवलेले ३०,००० रुपये आहेत. एका चहाच्या ब्रँडची शाखा घेण्याचा विचार आहे. ते दोन लाख अनामत आणि सजावटीचा खर्च वेगळा मागतात. वडील शेतावर कर्ज काढायला तयार आहेत. नाव मोठे असल्याने धंदा नक्की चालेल असे मित्र म्हणतात.

उत्तर : वडिलांना शेतावर कर्ज काढू देऊ नका, ही माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. चहा पिणारा माणूस पाटी वाचून फार तर पहिल्यांदा येतो. दुसऱ्या दिवशी तो येतो ते गाडा त्याच्या वाटेवर आहे, चहा गरम आहे आणि दोन मिनिटांत मिळतो म्हणून. ही तीनही कामे पाटीशिवाय होतात. करारात चहाची पूड, कप आणि मसाला त्यांच्याकडूनच घेण्याची अट आहे का, विक्रीवर काही टक्के द्यावे लागतात का आणि शाखा बंद केल्यास अनामत किती परत मिळते, ही कलमे तुम्ही वाचली आहेत असे पत्रावरून वाटत नाही. ज्या करारात अनामत परत मिळण्याची तारीख लिहिलेली नसते, तो मी कुणालाही करू दिला नसता.

३०,००० रुपयांत काय होते ते पाहा. गाडा विकत न घेता रोजच्या किंवा महिन्याच्या भाड्याने घ्या. बहुतेक शहरांत तसे देणारे लोक असतात. स्टोव्ह आणि पातेली जुनी मिळतात. सिलेंडर मात्र १९ किलोचा व्यावसायिकच हवा. घरगुती सिलेंडर धंद्याला वापरणे हा गुन्हा आहे, आणि गर्दीच्या जागी तो धोक्याचाही ठरतो. एक लिटर दुधात पाणी धरून साधारण वीस कटिंग होतात. दूध, साखर, पूड, आले, कप आणि गॅस मिळून १०५ ते ११० रुपये जातात आणि दहा रुपये कपाने २०० रुपये येतात. दहा लिटरचा चहा गेला तर दिवसाला ९०० रुपयांच्या आसपास राहतात, त्यातून गाड्याचे भाडे, फुकट गेलेले दूध आणि पावसामुळे विक्री न होणारे दिवस भागवायचे असतात. दहा लिटर जाणार की तीन, हे जागेवर अवलंबून असते, म्हणून पैसे घालण्याआधी जागेला वेळ द्यावा. मनात असलेल्या ठिकाणी सलग सहा दिवस सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते आठ उभे राहून जाणारी-येणारी माणसे मोजा. किती जण थांबतात, किती जण जवळच्या टपरीवर जातात आणि ती टपरी कोणत्या वेळेला माणसे परत पाठवते, हे वहीत लिहा. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी हीच मोजणी करून एसटी स्थानकासमोरची महागडी जागा सोडली आणि रुग्णालयाच्या मागच्या दाराशी गाडा लावला, कारण रात्रपाळीच्या परिचारिका आणि रुग्णांचे नातेवाईक पहाटे तिथूनच बाहेर पडत आणि त्या वेळी उघडे असे काहीच नसे. गाडा आजही तिथे आहे.

रस्त्यावर विक्री करायची तर पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्याप्रमाणे महापालिकेचे विक्री प्रमाणपत्र हवे. ते किंवा पालिकेचे शिफारसपत्र असले, की पीएम स्वनिधी योजनेतून विनातारण कर्ज मिळू शकते. २०२५ च्या फेररचनेनंतर पहिले कर्ज १५,००० रुपयांपर्यंत, ते वेळेवर फेडले की दुसरे २५,००० आणि तिसरे ५०,००० रुपयांपर्यंत मिळते आणि वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात सात टक्के सवलत असते. तुमचे ३०,००० पुरेसे असल्याने पहिल्याच दिवशी या कर्जाची गरज पडणार नाही. महिना-दोन महिने गाडा चालवून पाहा आणि मगच कर्जाचा अर्ज करा. चहा हा खाद्यपदार्थच असल्याने अन्नसुरक्षेची नोंदणी तुम्हालाही वेगळी लागते का, हे विक्री प्रमाणपत्र घेतानाच विचारून घ्या.

प्रश्न : शिवणकामासाठी ५०,००० रुपयांचे मुद्रा कर्ज हवे आहे. एक एजंट ३,००० रुपये घेऊन मंजूर करून देतो म्हणतो. एक खासगी वित्तसंस्था बारा टक्क्यांनी लगेच देते आहे. कुणाकडून घ्यावे? (जालना)

उत्तर : एजंटाला एक रुपयाही देऊ नका. ८ एप्रिल २०१५ पासून सुरू असलेल्या मुद्रा योजनेत ५०,००० रुपयांपर्यंतच्या कर्जाला शिशु, पुढे ५ लाखांपर्यंत किशोर आणि १० लाखांपर्यंत तरुण असे गट आहेत आणि त्यांना तारण लागत नाही. अर्ज बँकेच्या शाखेत स्वतः द्यायचा असतो. त्यासाठी लागणारी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांकावर विनामूल्य होते. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी आणि पैसे मागणारी खासगी संकेतस्थळे टाळावीत. बँकेत जाताना यंत्राचे दरपत्रक, गेल्या सहा महिन्यांत कुणाचे किती कपडे शिवले याची वही आणि खाते-उतारा बरोबर न्या. आमच्या टेबलावर वही घेऊन येणाऱ्याचे काम, केवळ ओळख सांगणाऱ्याच्या आधी होत असे, हे मी अनुभवाने सांगते.

बारा टक्क्यांचे म्हणाल, तर ते बारा टक्के कशावर आहेत हे आधी विचारा. तुम्ही फेडून जी रक्कम उरते, तिच्यावरच बँक व्याज लावते : ५०,००० रुपयांना तीन वर्षांसाठी बारा टक्क्यांनी महिना १,६६१ रुपयांचा हप्ता येतो आणि एकूण ५९,८०० रुपयांच्या आसपास भरावे लागतात. खासगी संस्था पुष्कळदा मूळ रकमेवर तीनही वर्षांचे व्याज सुरुवातीलाच लावते : १८,००० मिळवून ६८,००० आणि महिना १,८८९ रुपये. दोन्हीकडे बाराच म्हणतात, परंतु दुसऱ्या पद्धतीत तुम्ही प्रत्यक्षात सुमारे एकवीस टक्के भरत असता. म्हणून टक्के ऐकून निर्णय घेऊ नये. हप्ता किती आणि एकूण किती भरायचे, हे कागदावर लिहून मागावे. १,६६१ चा हप्ता महिन्याच्या सव्वीस कामाच्या दिवसांवर वाटला, तर रोजचे ६४ रुपये होतात. कर्ज घेण्याआधी दोन महिने रोज ६४ रुपये वेगळे टाकून पाहा. ते जमले तर अर्ज जरूर करा.

प्रश्न : आमच्याकडे सात-आठ रातांब्याची (कोकमाची) झाडे आहेत. आमसुले आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) करून विकावे असे वाटते. उन्हाळ्यात सगळे पैसे त्यात घातले तर वर्षभर काय करायचे? (कुडाळ)

उत्तर : तुमचा प्रश्न अगदी योग्य जागी आहे. फळ एप्रिल-मेमध्ये येते आणि पावसाच्या आत सगळे वाळवून, भरून व्हावे लागते; विक्री मात्र वर्षभर थोडी-थोडी होते. तेव्हा पहिल्या वर्षी फळ विकत घेऊ नका, घरचेच करा. अर्ध्याची आमसुले करून मे महिन्यातच गावी आलेल्या चाकरमान्यांना रोखीने विका, म्हणजे मीठ, बाटल्या आणि मजुरीचे पैसे पावसाआधी सुटतील. उरलेल्याचे आगळ ठेवा आणि ते हळूहळू विका. साखर घालून केलेल्या सरबताच्या पाकात साखरेचे पैसे आधी घालावे लागतात, म्हणून ते दुसऱ्या वर्षावर टाकावे. ज्याचा हप्ता दर महिन्याला पडतो असे कर्ज या धंद्याला घेऊ नये.

प्रश्न : नाशिकला घरातूनच गाऊन, परकर आणि मॅचिंग ब्लाउजपीस विकते. वर्षापूर्वी २०,००० रुपये घातले. माल छान जातो, पण हातात पैसा नाही. सतरा जणींकडे मिळून १३,५०० रुपये उधारी आहे. सगळ्या ओळखीच्या, सोसायटीतल्या आणि भजनी मंडळातल्या. मागायला जीभ उचलत नाही आणि नवा माल आणायला पैसे नाहीत.

उत्तर : वहिनी, तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण असे पत्र मी वेगवेगळ्या हस्ताक्षरांत अनेकदा पाहिले आहे. तुमचा माल खपतो, भाव बरोबर आहे आणि चोखंदळपणाही आहे. तुमचा धंदा उत्तम चालला आहे आणि त्याचे भांडवल सतरा घरांत वाटलेले आहे, अशी ही स्थिती आहे.

उधारी बुडते तेव्हा नेमके किती बुडते, हे आधी पाहा. ५०० रुपयांना आणलेला गाऊन तुम्ही ६०० ना विकता असे धरू. एकीने पैसे दिलेच नाहीत, तर तुमचे १०० गेले असे मनाला वाटते, परंतु घरातले ५०० गेलेले असतात आणि ते भरून यायला तसे आणखी पाच गाऊन रोखीने विकावे लागतात. म्हणजे पाच दुपारी पाच जणींसमोर घड्या मोडून दाखवायच्या, चहा करायचा, आणि ते सगळे एका भिडेपोटी.

आमच्या पतसंस्थेत एका भगिनीने कर्जमाफीच्या आशेने आपली उधारीची वही आणली होती. त्या वहीत ‘समोरच्या काकू’, ‘पिंकीची आई’, ‘निळे दार’ अशी नावे होती, रकमा होत्या, तारीख मात्र एकाही ओळीत नव्हती. कोणती रक्कम कधीची, त्यातली किती आली, हे तिलाच सांगता येत नव्हते आणि दोन काकूंनी ‘मी मागेच दिले की’ म्हटल्यावर तिला गप्प बसावे लागले होते. म्हणून आज संध्याकाळी प्रत्येकीच्या नावाचे स्वतंत्र पान करा, त्यावर तारीख, वस्तू, रक्कम आणि जमा झालेले पैसे लिहा. ज्यांच्याकडे रक्कम मोठी आहे त्यांना पान दाखवून, ‘एवढी बाकी बरोबर आहे ना, खाली सही करता का’ असे सरळ विचारा. वही दाखवण्यात भांडण नसते, आणि तारखेसह सही असली की पुढे वाद उरत नाही.

मागण्याची भीड वाटते ती आपण उपकार मागतो आहोत असे वाटल्यामुळे. तुम्ही आपलाच पैसा परत मागत आहात. ‘या दहा तारखेला सुरतचा माल उचलायचा आहे, तुमचे ९०० आहेत, आज ३०० देता का आणि उरलेले दोन महिन्यांत’ असे कारण, आकडा आणि तारीख सांगून विचारले, तर बहुतेक जणी देतात. ‘जमेल तसे द्या’ असे म्हटले तर मात्र कुणालाच जमत नाही. भजनाच्या वेळी किंवा चारचौघींत कुणाकडेही विषय काढू नका. एकटीला फोन करा. ज्या दोघी-तिघी टाळतील त्यांना नवा माल देऊ नका, बोलणे मात्र पूर्वीसारखेच ठेवा.

पुढच्या मालासाठी एकच नियम करा आणि तो सगळ्यांना, सख्ख्या नणंदेलाही, सारखा लावा : अर्धे पैसे आधी आणि उरलेले एका महिन्यात, जुनी बाकी असेल तर ती भरल्याशिवाय नवी वस्तू नाही. नियमाची चिठ्ठी कपाटाच्या दारावर आतून चिकटवा, म्हणजे कपाट उघडताना ती समोर येईल आणि तुम्हाला तोंडाने नकार द्यावा लागणार नाही. न खपलेल्या मापांचे गाऊन आणलेल्या किमतीला काढून टाका. कपाटात वर्षभर पडलेला ५०० चा गाऊन ४५० ना गेला, तरी त्या ४५० रुपयांचा खपणारा माल आणता येतो.

आणि फोन सुरू करताना सर्वांत मोठ्या बाकीपासून करू नका. जिच्याकडे दीडशे-दोनशे रुपयेच आहेत तिला पहिला फोन करा. ती लगेच देईल. अशा पाच-सहा जणींचे मिळून हजार रुपये आठवड्यात जमले, की ते घरखर्चात न घालता त्या पैशांचे परकर आणा आणि रोखीने विका. तोवर मोठी बाकी असलेल्या चौघींना फोन करण्याइतका तुमचा आवाज स्थिर झालेला असेल.